मर्जचं बटण कुणाच्या हातात? ओपन सोर्समध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

सोलापुरातून ओपन सोर्सकडे येणारी मंडळी साधारण तीन वाटांनी येतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलामुलींना प्लेसमेंटआधी गिटहबवर (कोड ठेवायच्या आणि त्यावर मिळून काम करायच्या संकेतस्थळावर) काहीतरी खरं काम दाखवायचं असतं. नोकरी करणाऱ्याला रोजच्या वापरातल्या एखाद्या लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली) चूक खुपत असते. आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचा हिशेब बघणाऱ्याला ईआरपीनेक्स्ट या हिशेब-साठ्याच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये आपल्या धंद्यापुरती एक सोय हवी असते. तिघेही बहुतेक एकाच जागी अडतात. कोड लिहून होतो, पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल मूळ कोडमध्ये मर्ज करा, म्हणजे मिसळून घ्या’ ही विनंती) जाते, आणि पलीकडून एक तर काहीच उत्तर येत नाही, नाहीतर ‘हे आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढं सांगून ती बंद होते. मग ‘नाव ओपन, आणि घ्यायची तयारी नाही’ असा राग सुरू होतो.

हा राग टाळता येतो, पण त्यासाठी एक गोष्ट आधी पक्की समजायला हवी. लायसन्स तुम्हाला कोड वापरायचा, बदलायचा आणि वाटायचा हक्क देतं. तुमचा बदल मूळ प्रकल्पात घ्यायचं बंधन कुठलंच ओपन सोर्स लायसन्स मेंटेनरवर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यावर, घालत नाही. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचंच बघा. तिचा कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे, तुमच्या खिशातल्या फोनमध्येही ती चालते आहे, आणि तरी बाहेरच्यांचे पॅच (कोडमधले बदल) तिथे सहसा घेतले जात नाहीत. ‘ओपन सोर्स आहे, ओपन कॉन्ट्रिब्यूशन नाही’ असं त्यांनी आपल्या संकेतस्थळावर सरळ लिहून ठेवलंय. कोडवरचा हक्क आणि प्रकल्पावरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या या फरकावरच उभ्या आहेत.

पायरी १: किल्ल्या कुणाकडे आहेत, ते बघा

‘प्रकल्प कुणाचा’ या प्रश्नाला एकच उत्तर क्वचित असतं. मर्ज करण्याचा हक्क, नवी आवृत्ती एनपीएम किंवा पायपीआयवर (तयार कोडची पॅकेजेस जिथून उतरवतात त्या रजिस्ट्रीवर) चढवण्याचा हक्क, आवृत्तीवर सही करण्याची गुप्त किल्ली, डोमेन, नावाचा ट्रेडमार्क, देणग्यांचं खातं, सुरक्षेच्या तक्रारी येतात तो मेलबॉक्स: या सगळ्या वेगळ्या किल्ल्या आहेत आणि त्या वेगळ्या माणसांकडे असू शकतात. मोठी भांडणं पेटतात ती इथेच. मार्च २०१६मध्ये एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि लेखकाने चिडून एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड हे अवघ्या अकरा ओळींचं पॅकेज होतं. त्यावर अवलंबून असलेल्या जगभरच्या प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवायची प्रक्रिया) कोसळले, आणि एनपीएमने ते पॅकेज स्वतःच्या अधिकारात परत आणलं. कोड लेखकाचा होता, पण शेवटचा शब्द रजिस्ट्री चालवणाऱ्याचा ठरला.

नव्या प्रकल्पात शिरताना तासभर यावर घालवा.

- रेपोतल्या (प्रकल्पाच्या कोडसाठ्यातल्या) लायसन्स, कॉन्ट्रिब्यूटिंग, गव्हर्नन्स, मेंटेनर्स आणि कोडओनर्स या फाइली वाचा. यातली एखादी नसणं हीसुद्धा माहितीच आहे. गव्हर्नन्सची फाइल नसेल, तर निर्णय एक-दोन माणसांच्या डोक्यात होतात असं धरून चाला.
- ‘गिट शॉर्टलॉग’ ही आज्ञा मागच्या एका वर्षापुरती चालवा आणि कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) संख्येनुसार नावं लावून घ्या. पहिल्या नावावर नव्वद टक्के कमिट असतील, तर तुम्ही एका माणसाशी बोलणार आहात. संध्याकाळचा मोकळा वेळ काढून तो हे करत असण्याची शक्यता मोठी आहे.
- मर्ज झालेल्या आणि मर्ज न होता बंद झालेल्या, अशा शेवटच्या वीस-वीस पुल रिक्वेस्ट उघडा. कुणी मर्ज केली, पहिलं उत्तर किती दिवसांनी आलं, नाकारताना कारण काय दिलं, ते टिपून ठेवा. नाकारलेल्या वीस वाचल्या की प्रकल्पाला काय नको आहे ते जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही कागदातून कळत नाही.

निर्णय कसे होतात याच्या तऱ्हाही माहीत असाव्यात. पायथनमध्ये ती भाषा घडवणाऱ्या ग्विडो व्हॅन रॉसम यांचा शब्द शेवटचा असायचा. पीईपी ५७२ या भाषेतल्या बदलाच्या प्रस्तावावरच्या कडवट वादानंतर जुलै २०१८मध्ये त्यांनी ती जागा सोडली, आणि आता पाच जणांचं निवडून आलेलं स्टीअरिंग कौन्सिल असतं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात बसू शकत नाहीत. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत मतं पडतात. कोडमधल्या बदलावर पात्र सदस्याने तांत्रिक कारण देऊन ‘उणे एक’ दिलं, तर तो बदल थांबतो, मात्र आवृत्ती काढायला किमान तीन ‘अधिक एक’ लागतात आणि ती नकाराधिकाराने अडवता येत नाही. लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक उपविभागाचा मेंटेनर वेगळा असतो, त्यामुळे पॅच थेट लिनस टॉरव्हाल्ड्स यांना पाठवण्यात अर्थ नसतो. ‘गेट-मेंटेनर’ नावाची स्क्रिप्ट कुणाला पाठवायचा ते सांगते. आणि कंपनीच्या प्रकल्पात अंतिम निर्णय कंपनीचा, मग गिटहबवर चर्चा कितीही मोकळी दिसो.

पायरी २: सही कशावर करताय

बऱ्याच प्रकल्पांत पहिल्या पुल रिक्वेस्टवर एक बॉट येऊन सही मागतो. मुलं न वाचता ‘आय अ‍ॅग्री’ दाबतात. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

डीसीओ म्हणजे ‘हा कोड मी लिहिलाय किंवा द्यायचा मला हक्क आहे, आणि तो प्रकल्पाच्या लायसन्सखाली देतोय’ एवढीच ग्वाही. कमिट करताना ‘-s’ (लहान एस) पर्याय लावला की शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ येते. सीएलए हा कोड देणाऱ्याने प्रकल्पाशी करायचा करार असतो, आणि काही सीएलएमध्ये कंपनीला तुमचा कोड पुढे दुसऱ्या लायसन्सखाली देण्याचाही हक्क मिळतो. हा हक्क नुसता कागदावर राहत नाही. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर-मांडणीच्या साधनाचं लायसन्स बदलून ते व्यापारी वापरावर बंधनं घालणाऱ्या लायसन्सखाली नेलं, तेव्हा बाहेरच्यांनी दिलेला कोडही त्यासोबत गेला. पण जुनी आवृत्ती आधीच्याच लायसन्सखाली राहते, ती कुणाला काढून घेता येत नाही. शेवटच्या मुक्त आवृत्तीवरूनच ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. रेडिस या डेटाबेसचंही लायसन्स मार्च २०२४मध्ये बदललं आणि त्याच्या मुक्त आवृत्तीतून व्हॅल्की जन्माला आला.

सीएलएवर सही करूच नका, असं आमचं म्हणणं नाही. पण सहा महिने रात्री जागून एखादा भाग लिहिणार असाल, तर तो पुढे कुठे जाऊ शकतो हे सहीच्या आधी कळायला हवं. नोकरीत असाल तर मालकाची लेखी परवानगीही आधीच घ्या. कामाच्या वेळेत, कामाच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडवर बहुतेक नेमणूकपत्रांत कंपनीचा हक्क लिहिलेला असतो.

पायरी ३: कोडच्या आधी प्रश्न

टॉवेल कारखान्याचंच उदाहरण घ्या. माल विकायचा डझनावर आणि हिशेब ठेवायचा किलोवर. सुताचा काउंट किंवा फिनिशिंग बदललं की डझनाचं वजन लॉटप्रमाणे हलतं: समजा या लॉटला ४ किलो ३००, पुढच्याला ४ किलो ५००. ईआरपीनेक्स्टमध्ये एका वस्तूसाठी डझन आणि किलो यांचं प्रमाण एकदा भरून ठेवायचं असतं. म्हणून एखादा हुशार मुलगा पंधरा दिवस खपून स्टॉकच्या मूळ कोडमध्येच लॉटवार वजनाची सोय घालतो आणि दीड हजार ओळींची पुल रिक्वेस्ट पाठवतो. ती नाकारली जाणं जवळजवळ ठरलेलं असतं, आणि त्यात मेंटेनरचा आडमुठेपणा नसतो. स्टॉकचा कोड हजारो कंपन्यांच्या हिशेबाला हात लावतो. उद्या त्यात चूक निघाली तर ती दुरुस्त करायला हा मुलगा असेल की नाही, ते मेंटेनरला ठाऊक नसतं. बदल स्वीकारला की तो कायमचा त्यांच्या गळ्यात.

शहाणपणाचा क्रम असा. आधी जुने इश्यू (प्रकल्पावरच्या तक्रारी-मागण्यांच्या नोंदी) शोधा, बंद झालेलेसुद्धा. मग एक इश्यू उघडा आणि त्यात गरज लिहा, उपाय नंतर: धंदा कसा चालतो, आज काय करावं लागतं, कुठे आकडा चुकतो, दोन लॉटचे प्रत्यक्ष आकडे. शेवटी सरळ विचारा की हे मूळ प्रकल्पात बसेल का, की वेगळ्या अ‍ॅपमध्ये करावं. ईआरपीनेक्स्टपुरतं उत्तर बहुधा वेगळं अ‍ॅप हेच येईल. जीएसटीसारखी प्रत्येक भारतीय धंद्याला लागणारी गोष्टसुद्धा चौदाव्या आवृत्तीपासून मूळ कोडमध्ये नाही, ती ‘इंडिया कम्प्लायन्स’ या वेगळ्या अ‍ॅपमध्ये आहे. ‘बेंच न्यू-अ‍ॅप’ चालवून तुमचं अ‍ॅप सुरू होतं, जादा रकाने ‘कस्टमाइझ फॉर्म’मधून घालता येतात, आणि त्याचा ताबा पूर्ण तुमचा. मूळ प्रकल्पाकडे फक्त छोटी गोष्ट मागायची: अमुक ठिकाणी एक हुक द्या, म्हणजे आमचं अ‍ॅप तिथून जोडता येईल. दहा ओळींची अशी मागणी मान्य होण्याची शक्यता दीड हजार ओळींपेक्षा कितीतरी जास्त असते.

इश्यूवर उत्तर येईपर्यंत मोठं काम सुरू करू नका. टायपो, तुटलेली लिंक, स्पष्ट दिसणारी चूक यांना मात्र विचारत बसायची गरज नाही.

पायरी ४: डिफ स्वच्छ ठेवा

रिव्ह्यू करणाऱ्याचा विश्वास पहिल्या पाच मिनिटांत बसतो किंवा उडतो, आणि ती पाच मिनिटं तो डिफकडे, म्हणजे कुठल्या ओळी बदलल्या ते दाखवणाऱ्या यादीकडे, बघत असतो. नव्यांच्या हातून इथे होणाऱ्या चुका जवळपास ठरलेल्या आहेत.

सर्वांत जास्त दिसणारी चूक लाइन एंडिंगची. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज असतं, प्रकल्प लिनक्सवर वाढलेला असतो. एडिटरने फाइल सेव्ह करताना प्रत्येक ओळीचा शेवट बदलला, की सहा ओळींच्या दुरुस्तीचा डिफ सहाशे ओळींचा दिसतो आणि नेमकं काय बदललंय ते कुणालाच दिसत नाही. तोच प्रकार ‘फॉर्मॅट ऑन सेव्ह’चा, म्हणजे सेव्ह करताच एडिटरने कोडची मांडणी आपोआप बदलण्याचा. कमिटच्या आधी ‘गिट डिफ’ला ‘स्टॅट’ पर्याय लावून बघा. ज्या फाइलला तुम्ही हात लावलेला नाही ती यादीत दिसली, किंवा ओळींचा आकडा अपेक्षेपेक्षा फुगला, तर थांबा. त्या प्रकल्पापुरतं ‘फॉर्मॅट ऑन सेव्ह’ बंद करा, लाइन एंडिंग ‘एलएफ’ (लिनक्सची पद्धत) ठेवा आणि फाइल मूळ स्थितीला नेऊन पुन्हा बदल करा.

दुसरी चूक ओळखीची. लॅबच्या संगणकावर आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी गिटमध्ये आपलं नाव आणि ईमेल ‘ग्लोबल’ भरून ठेवलेलं असतं. तुमचं कमिट त्याच्या नावावर जातं, डीसीओची ग्वाहीही त्याच्याच नावाने पडते, आणि श्रेयही गेलं. सामायिक संगणकावर नाव-ईमेल त्या रेपोपुरतंच भरा, आणि उठताना विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून गिटहबची नोंद काढा. नाहीतर पुढचा माणूस तुमच्या खात्यातून पुश करेल.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल. दोनशे ओळींच्या वर जात असेल तर तोडता येतो का बघा. चाचणी सोबत हवीच. मेन शाखेवर (कोडच्या मुख्य प्रवाहावर) काम करू नका, प्रत्येक बदलाला नवी शाखा काढा.

कोड चॅटबॉटकडून लिहून घेतला असेल, तर त्या प्रकल्पाचं धोरण आधी तपासा. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दोन प्रकल्पांनी २०२४मध्ये असा कोड घ्यायला मनाई केली. जिथे मनाई नाही तिथेही रिव्ह्यूमध्ये ‘ही ओळ का?’ असं विचारल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

पायरी ५: बोलणं आणि थांबणं

‘सर, प्लीज असाइन धिस इश्यू टू मी’ ही ओळ मेंटेनर लोक रोज वाचतात आणि तिचा परिणाम शून्य असतो. असाइन करून गायब झालेल्यांची संख्या फार मोठी आहे. त्याऐवजी केलेलं काम दाखवा. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा हवा: ‘ही अडचण विंडोज ११वर, सध्याच्या आवृत्तीत मला पुन्हा दिसली. यादी रिकामी आली तर अमुक फंक्शन ते तपासत नाही, म्हणून हे होतंय असं वाटतं. तिथे तपासणी घालून एक चाचणी जोडायचा विचार आहे. ही दिशा चालेल का?’ यात विनवणी नाही, आणि समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. ‘सर’ची गरज नसते. नावाने हाक मारणं तिथे उद्धट मानत नाहीत.

उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबा, मग त्याच पुल रिक्वेस्टवर एकदाच नम्रपणे विचारा. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) टॅग करणं, लिंक्डइनवर गाठणं, खासगी ईमेल पाठवणं हे करू नका. युरोपातला मेंटेनर संध्याकाळी कामावरून आल्यावर बसतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा-बारा झालेले असतात. अमेरिकेतला त्याहून उशिरा. म्हणजे एका प्रश्नोत्तराला एक दिवस सहज जातो. परीक्षा आली किंवा गड्ड्याच्या जत्रेत आठवडाभर घरी पाहुण्यांची वर्दळ असणार असेल, तर तसं आधी लिहून ठेवा. ‘पुढचे दहा दिवस जमणार नाही, त्यानंतर बदल करतो’ या एका ओळीने पुल रिक्वेस्ट ‘सोडून दिलेली’ म्हणून बंद व्हायची वाचते.

रिव्ह्यूत चाळीस शेरे आले तर खचू नका. चाळीस शेरे लिहायला मेंटेनरने वेळ दिलाय, याचा अर्थ त्याला बदल हवा आहे. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या: केलं, किंवा का केलं नाही. पटलं नाही तर एकदा कारणासह मांडा. दुसऱ्यांदाही ‘नको’ आलं तर तसं करून टाका, नाहीतर माघार घ्या. तिसऱ्यांदा तोच मुद्दा काढला की चर्चा कोडवरून माणसांवर सरकते, आणि तिथून परतणं अवघड असतं.

कॉलेजांतल्या शिक्षकांना इथे एक कळकळीची विनंती. ‘महिनाअखेर एक मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट दाखवा’ असं गुणांचं काम देऊ नका. हॅक्टोबरफेस्ट या दर ऑक्टोबरच्या ओपन सोर्स मोहिमेत २०२०मध्ये चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळत होता. रीडमीत (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत) एखादा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला, की आयोजकांना ऐन ऑक्टोबरमध्ये नियम बदलून सहभाग रेपोवाल्यांच्या संमतीवर ठेवावा लागला. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पाच्या रीडमीत आपलं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टची अशीच रांग लागली, कारण शिकवणीच्या एका व्हिडिओत त्याच रेपोवर प्रात्यक्षिक दाखवलं होतं. यात मुलांचा हेतू वाईट नव्हता, पण भारतातून आलेल्या नव्या नावाकडे संशयाने बघायची सवय अशानेच लागते. सरावासाठी वर्गाचा स्वतःचा रेपो काढा किंवा ‘फर्स्ट कॉन्ट्रिब्यूशन्स’ हा त्याचसाठी असलेला रेपो वापरा. गुण द्या ते नीट पुनरावृत्ती करून दाखवलेल्या बगच्या नोंदीला.

पायरी ६: श्रेयाचा प्रश्न

मेंटेनरने तुमची पुल रिक्वेस्ट बंद केली आणि दोन दिवसांनी तोच बदल थोडा फिरवून स्वतःच्या नावाने घातला, असं होतं. बहुतेक वेळा घाई कारण असते: तुमच्याशी आणखी तीन फेऱ्या करण्यापेक्षा स्वतः लिहिणं त्याला लवकर वाटतं. तुमचे तीस-चाळीस तास गेलेले असतात, वाईट वाटणारच. मागणी मात्र नेमकी करा: ‘बदल आला याचा आनंद आहे. पुढच्या वेळी को-ऑथर्ड-बायची (सहलेखकाच्या नावाची) ओळ घालाल का? आणि आत्ताच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) नाव देता येईल का?’ झालेलं कमिट बदलायला सांगू नका, सार्वजनिक शाखेचा इतिहास कुणी पुन्हा लिहीत नाही. चेंजलॉगमध्ये नाव मिळणं सहज शक्य असतं. पुल रिक्वेस्ट उघडताना मेंटेनरला तुमच्या शाखेत बदल करू देण्याचा चौकोन टिकलेला ठेवा. मग तो तुमच्या कमिटवरच दुरुस्ती करू शकतो आणि हा प्रसंग बहुधा येतच नाही.

पायरी ७: ठाम नकार आला तर

एक-दोन ओळींत कारण विचारा आणि ते खरंच वाचा. मग पर्याय या क्रमाने तपासा.

पहिला, प्लगइन किंवा वेगळं अ‍ॅप. त्याबद्दल वर आलंच.

दुसरा, पॅच स्वतःकडे सांभाळणं. मूळ आवृत्तीवर तुमची एक शाखा, आणि दर नव्या आवृत्तीला ती रिबेस करायची, म्हणजे नव्या कोडवर उचलून बसवायची. गिटचं ‘रेरेरे’ सुरू ठेवलं तर एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आपोआप लावतं. पॅच जितका कमी फाइलींना शिवेल तितका जगेल. सुरक्षेच्या आवृत्त्या आल्या की त्याच आठवड्यात रिबेस झालाच पाहिजे. हे करणारा एकच माणूस असेल आणि त्याला उद्या पुण्यात नोकरी लागली, तर कारखाना जुन्या आवृत्तीवर अडकून बसतो. लायसन्सचंही बघा. जीपीएल लायसन्सचा कोड बदलून स्वतःच्या कारखान्यातच वापरलात तर तो जाहीर करायची सक्ती नाही. तोच शेजारच्या पाच कारखान्यांना बसवून दिलात, तर त्यांना सोर्स द्यावा लागतो. एजीपीएल असेल तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही.

शेवटचा पर्याय फोर्क. गिटहबवरचं ‘फोर्क’ बटण म्हणजे फोर्क नव्हे, ती काम करायची प्रत असते. खरा फोर्क म्हणजे वेगळं नाव, वेगळ्या आवृत्त्या, वेगळी जबाबदारी. तो वाईटच असतो असंही नाही. जीसीसी हा कंपायलरचा प्रकल्प फार बंदिस्त चालतो म्हणून १९९७मध्ये ईजीसीएस फुटला, आणि १९९९मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. जॉयंट कंपनीच्या ताब्यातलं नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) रखडलं म्हणून डिसेंबर २०१४मध्ये आयओ डॉट जेएस निघाला, आणि २०१५मध्ये फाउंडेशन होऊन दोन्ही पुन्हा एकत्र आले. ओपनऑफिस सांभाळणाऱ्या सन कंपनीचा ताबा ऑरॅकलकडे गेल्यावर २०१०मध्ये लिब्रेऑफिस निघाला. ओपनऑफिसचं नाव तेव्हा ऑरॅकलकडेच राहिलं, पण काम करणारी बहुतेक माणसं इकडे आली. गॉग्ज या स्वतःच्या सर्व्हरवर गिट रेपो ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्जचा हक्क एकाच माणसाकडे म्हणून २०१६मध्ये गिटी वेगळा झाला. पुढे गिटीचं डोमेन आणि ट्रेडमार्क एका नफ्याच्या कंपनीकडे गेल्याचं २०२२मध्ये कळलं आणि त्यातून फोर्जेयो निघाला. यातला कुठलाही फोर्क एकट्याने रागाच्या भरात जगवलेला नाही. प्रत्येकामागे आधीपासून तिथे काम करणारा गट होता.

म्हणून फोर्कच्या आधी स्वतःला विचारा: आवृत्ती काढू शकणारी किमान तिघं आहेत का? सुरक्षेची तक्रार आली तर कोण बघणार? मूळ प्रकल्पातल्या दुरुस्त्या रोज इकडे कोण आणणार? नाव आणि बोधचिन्ह नवं ठरलंय का? मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे का? पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर ‘बघू’ असेल, तर पॅच सांभाळणंच बरं.

मर्जचा हक्क मागावा का?

मागू नये, तो दिला जातो. गिटहबवर वाचणं, ट्रायेज (इश्यू आणि पुल रिक्वेस्ट चाळून लावणं), लिहिणं, मेंटेन आणि अ‍ॅडमिन अशा पायऱ्या असतात, आणि बहुतेकांना आधी ट्रायेज मिळतो. त्याची वाट कोडपेक्षा इतर कामांतून लवकर जाते: दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट चालवून बघणं, बगची पुनरावृत्ती करणं, दुहेरी इश्यू जोडणं. सोलापूरच्या मुलांकडे इथे एक ताकद आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी असं वाढलेल्याला आपल्या लिप्यांत जोडाक्षरं कुठे तुटतात, कर्सर कुठे अडकतो, शोध कुठे चुकतो ते सहज दिसतं. अशी नोंद लिहू शकणारी माणसं बहुतेक प्रकल्पांकडे नाहीतच.

घाई करणाऱ्याकडे आता संशयाने बघतात, आणि त्याला सबळ कारण आहे. एक्सझेड यूटिल्स ही कॉम्प्रेशनची लायब्ररी अनेक वर्षं एका थकलेल्या मेंटेनरच्या जिवावर चालली होती. २०२२मध्ये काही अनोळखी खात्यांनी ‘काम संथ आहे, दुसऱ्याला हक्क द्या’ असा त्याच्यावर दबाव आणला. दरम्यान ‘जिया टॅन’ या नावाने चांगले पॅच येत होते. त्या नावाला हक्क मिळाला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) घुसवला गेला. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतोय असं दिसलं, म्हणून ते उघडकीस आलं. मेंटेनर तुम्हाला वर्षभर वाट बघायला लावत असेल, तर त्यामागे हा प्रसंग आहे. आणि ‘एवढा वेळ का लागतोय’ असं लिहिण्याआधी पलीकडे एकटा माणूस आहे हे आठवा.

स्वतःचा प्रकल्प काढताना

जुळे सोलापूरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये चार मित्रांनी सुरू केलेला प्रकल्प दोन वर्षांनी भांडणात किंवा शांतपणे मरतो, त्यामागे कोड क्वचितच असतो. मित्र पुणे, हैदराबाद, बंगळूरला पांगतात आणि किल्ल्या एकाच्याच खिशात राहतात. म्हणून पहिल्या दिवशी हे करा.

रेपो वैयक्तिक खात्यावर न ठेवता गिटहबच्या ऑर्गनायझेशनमध्ये ठेवा, त्याचे किमान दोन मालक असू द्या, आणि दोघांचेही टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड कागदावर छापून ठेवा. खातं कॉलेजच्या ईमेलवर काढू नका. पास झाल्यावर तो ईमेल बंद झाला, की पासवर्ड परत मिळवायची वाटच बंद. लायसन्सची फाइल पहिल्याच कमिटमध्ये घाला. नंतर बदलायची तर, सीएलए घेतलेला नसेल तेव्हा, सहसा प्रत्येक कॉन्ट्रिब्यूटरची संमती लागते, आणि त्यातले दोघं फोन उचलत नाहीत. डोमेन कुणाच्या नावावर, नूतनीकरण कोण आणि कधी भरणार, ते लिहा. अँड्रॉइड अ‍ॅप असेल आणि सही तुम्हीच करत असाल, तर कीस्टोअरची (सहीच्या किल्लीची) फाइल व तिचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ती हरवली तर त्याच अ‍ॅपची पुढची आवृत्ती वापरणाऱ्यांच्या फोनवर चढत नाही, सगळ्यांना काढून नव्याने बसवायला सांगावं लागतं.

मग एका पानाचा गव्हर्नन्स लिहा. मर्ज कोण करतो. स्वतःची पुल रिक्वेस्ट स्वतः मर्ज करता येते का. वाद झाला तर किती दिवसांत आणि कुणाच्या मताने संपतो. सहा महिने काम न केलेल्याचा हक्क आपोआप काढायचा का आणि परत आल्यावर कसा द्यायचा. देणगीचे पैसे कोण खर्च करतो. प्रकल्पात काय येणार नाही याची यादीही लिहा, कारण पहिला नकार देताना तिचाच आधार मिळतो. नकार लवकर द्या. चार महिने पुल रिक्वेस्ट लटकवून ‘नको’ म्हणण्यापेक्षा तीन दिवसांत कारणासह ‘नको’ म्हटलेलं माणूस सहन करतो.

प्रकल्प सांभाळणं जमेनासं झालं, तर रीडमीच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. कुणी पुढे आलं तर त्याची वर्षभराची कामं तपासून आधी ट्रायेजचा हक्क द्या, आवृत्ती चढवायचा हक्क सर्वांत शेवटी. कुणीच आलं नाही तर उघडे इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एका टिपेसह बंद करा, चांगला चाललेला एखादा फोर्क असेल तर त्याची लिंक वर द्या, पॅकेज रजिस्ट्रीवर ते ‘डेप्रिकेटेड’ (आता वापरू नये असं) करा, आणि रेपो आर्काइव्ह (फक्त वाचण्यापुरता) करा. एनपीएमवरचं पॅकेज काढून टाकू नका, अजूनही कुणाचा तरी बिल्ड त्यावर उभा असतो.